चित्रातल्या भुताचे नाव तरी छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लोककथांतील अमानवी जीवांच्या गडद, अतिवास्तव चित्रांचे एक पान आपल्या पुरवणीत मध्यंतरी आले आणि त्यावर ‘असली विकृत चित्रे घरात येणाऱ्या वर्तमानपत्रात कशाला?’ अशा आशयाची पत्रेही प्रसिद्ध झाली. माझी तक्रार उलट आहे. चित्रे छापलीत हे उत्तम केलेत; पण त्यांच्याखाली एकही ओळ नव्हती, आणि निम्मा गैरसमज त्यामुळेच झाला, असे मला वाटते.

लोककथेतले भूत नुसते भयानक कधीच नसते. त्याची जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, काम नेमलेले असते आणि बहुधा त्याच्या तावडीतून सुटण्याची एखादी युक्तीही सांगितलेली असते. हे सारे काढून घेतले की उरतात ती फक्त शिंगे, सुळे आणि धूर. हल्ली संगणकाकडून घाऊक काढून घेतलेल्या चित्रांत जपानचे भूत आणि नॉर्वेचे भूत सख्खे भाऊ दिसतात, ते यामुळेच.

नॉर्वेचेच उदाहरण घेतो. तिथे १३४९ साली प्लेगची महामारी पोहोचली आणि लोकांनी तिला ‘पेस्टा’ नावाच्या म्हातारीचे रूप दिले. ही म्हातारी गावोगाव हिंडते. तिच्या हातात दंताळे असेल, तर त्याच्या दातांच्या फटींतून काही माणसे सुटतात. खराटा असेल, तर त्या घरात कोणीच उरत नाही. थिओडोर किटेलसेन या चित्रकाराने साडेपाचशे वर्षांनी, १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्रमालेत तिला पुन्हा उभे केले. एका चित्रात ती जिना चढत असते आणि वर, थेट आपल्याकडे पाहते. दंताळ्या-खराट्याची गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याला तिथे एक कुरूप बाई दिसेल. ज्याला ठाऊक आहे, तो आधी तिच्या हातांकडे पाहील. एकाच रोगाने एक घर ओस का पाडावे आणि शेजारच्या घरातली दोन माणसे का सोडावीत, या प्रश्नाला जंतूंचा शोध लागण्यापूर्वी लोकांनी दिलेले ते उत्तर आहे. याला विकृती म्हणणे मला जड जाते.

हेन्री फ्युसेलीने १७८१ साली रंगवलेल्या दुःस्वप्नाच्या प्रसिद्ध चित्राचेही असेच आहे. निजलेल्या स्त्रीच्या छातीवर एक ठेंगणे पिशाच उकिडवे बसले आहे आणि पडद्याआडून घोड्याने डोके आत घातले आहे. युरोपातील जुन्या समजुतीत निजलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारे ‘मारे’ नावाचे भूत होते. इंग्रजीत दुःस्वप्नाला ‘नाइटमेअर’ हा जो शब्द आहे, त्याचा उत्तरार्ध याच भुताचा, ‘मेअर’ म्हणजे घोडीचा नव्हे. चित्रातला घोडा बहुधा या शब्दसाम्यातूनच आला असावा. आता या अनुभवामागचे शरीरातले कारणही कळले आहे. स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू सैल पडलेले असतात. ती स्थिती सरण्याआधीच जाग आली, तर हलता येत नाही, छातीवर ओझे जाणवते आणि खोलीत कोणीतरी आहे अशी खात्री वाटते. तुर्कस्तानात त्याला काळोखी दाबणारा म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी, जपानमध्ये धातूने जखडले जाणे. ज्याने हे एकदा अनुभवले आहे, त्याला फ्युसेलीचे चित्र कल्पित वाटणार नाही.

जपानी चित्रकार तोरियामा सेकिएन याने १७७६ साली तिथल्या भुतांची सचित्र जंत्रीच प्रसिद्ध केली आणि त्यात चित्राशेजारी त्या त्या भुताचे नाव दिले. जे त्याला अडीचशे वर्षांपूर्वी सुचले, ते आपल्या पुरवणीला अवघड नसावे.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. स्पेनचा चित्रकार गोया याने १८१९ ते १८२३ या काळात स्वतःच्या घराच्या भिंतींवर चौदा काळोखी चित्रे रंगवली. त्याने त्यांना नावे दिली नव्हती, आज रूढ असलेली नावे इतरांनी नंतर दिली. पोलंडचा बेक्शिन्स्की तर आपल्या चित्रांना शीर्षक द्यायलाच तयार नसे. अशा चित्रांना मागून गोष्ट चिकटवणे हा आगाऊपणा ठरेल. तिथे चित्रकाराचे नाव आणि साल एवढे पुरे. पण ज्या जीवाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव देऊन सांभाळले आहे, त्याचे चित्र पुढच्या वेळी छापाल तेव्हा तो कोण, कुठला आणि कोणाला धरतो, एवढ्या दोन ओळी त्याखाली अवश्य द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक