निगेटिव्ह रिपोर्टबद्दल थोडं

सोनू बाळा,

काल फोनवर म्हणालीस, ह्यांची सिकलची (सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार) टेस्ट निगेटिव्ह आली आता टेन्शन गेलं. तू गाडीत होतीस म्हणून बोलले नाही, आता नीट लिहिते. नर्सची नोकरी विदर्भात काढली गं मी, सिकलची पोरं डोळ्यासमोर वाढलेली पाहिलीत.

ती सोल्युबिलिटी टेस्ट असेल तर तेवढ्यावर थांबू नका. ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे का तेवढंच बघते. तू एएस म्हणजे नुसती वाहक, तुला काही त्रास नाही. पण जावई सिंधी घरातले, आणि सिंधी लोकांत थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्ताच्या आजाराचं नुसतं वाहक असणं, बरंच सापडतं, त्या माणसाला काहीच जाणवत नाही आणि सोल्युबिलिटीत ते दिसतही नाही. तुझ्याकडून सिकल आणि त्यांच्याकडून थॅलेसेमिया असं दोन्ही बाळाकडे गेलं तर आजार होतो, कधीकधी एसएससारखाच, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकल आलेल्यासारखाच, त्रासाचा. म्हणून त्यांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) याच आठवड्यात करा. एचपीएलसीत एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर मायनर धरतात, अंगात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली दिसू शकतो, तेही डॉक्टरांना विचारा.

घाई यासाठी की तुला आठवा आठवडा आहे. दोघं वाहक निघालात तर आधी तुमच्या दोघांच्या डीएनएतला बदल शोधावा लागतो, मग 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेतात, ते हुकलं तर 16 आठवड्यांच्या पुढे गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा धोका असतो, थोडाच, पण असतो. तुझ्या मैत्रिणीनं केली ती एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची तपासणी) मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारख्या गोष्टींसाठी, आपला प्रश्न त्यानं सुटत नाही.

आणि दोघं वाहक असाल तर बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, पण 25 टक्के म्हणजे चार मुलांत एक असं नाही, प्रत्येक वेळी नव्याने 25 टक्के.

गर्भाच्या तपासणीचा रिपोर्ट काय सांगत नाही तेही ऐक. आजार आहे की नाही ते कळतं, किती त्रास होईल ते नाही. एसएस असून बारावी करून नोकरीला लागलेला मुलगा मी पाहिलाय आणि दर दोन-तीन महिन्यांनी सांधे धरून रडत ॲडमिट होणारी पोरगीही. आता हायड्रॉक्सियुरिया या औषधानं बऱ्याच जणांना आराम पडतो, पण कोणाचं कसं जाईल हे गर्भात असताना कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच जेनेटिक काउन्सेलरकडे (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे) दोघं जा, एकटी जाऊ नकोस. ते समजावतील, प्रश्न ऐकतील, ठरवायचं तुम्हीच. ठेवायचं की नाही यात मी, तुझे बाबा, सासूबाई, कोणीच बोलणार नाही, आणि कोणाकडून आलं हा हिशोब घरात कोणी काढला तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

एचपीएलसीचा कागद आला की फोटो पाठव, आकडे दिसतील असा काढ. दोन्ही घरचे जुने रिपोर्टही काउन्सेलरकडे घेऊन जा, तुझ्या बाबांचा मी कुरिअर करते.

तुझी आई