अर्धा सिनेमा, पूर्ण तिकीट

३ सप्टेंबर २०२३

प्रिय वैजू,

बाळ रात्रभर जागवतं आणि थिएटरचं तोंड पाहिल्याला वर्ष होत आलं, हे वाचून आधी हसू आलं आणि मग तुझी दया आली. "मे ते ऑगस्ट काय काय आलं ते सविस्तर लिही, परीक्षण नको, तुझं मत हवं," असं फर्मान तू काढलंस. परीक्षण मला जमणारही नाही. कॅमेरा कुठे लावला, संकलन कसं केलं, यातलं मला ओ की ठो कळत नाही. सिनेमा चालू असताना मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं की नाही, एवढंच माझं माप. तेवढ्या भांडवलावर लिहिते.

आधी तक्रार ऐक. यंदा आपल्याला अर्धे सिनेमे विकले गेले. मे महिन्यात 'फास्ट एक्स' आला. गाड्या उडाल्या, आपटल्या, पुन्हा उडाल्या, ते नेहमीचंच. शेवटी नायक आपल्या पोराला घेऊन धरणाच्या पायथ्याशी उभा, वर धरणाला सुरुंग लावलेले, आणि तिथेच खेळ खलास. जूनमध्ये 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', त्याचीही तीच गत. जुलैत टॉम क्रूझचं नवं 'मिशन इम्पॉसिबल'. त्याने निदान नावातच 'पार्ट वन' असं सांगून ठेवलं होतं. साप्ताहिकातल्या कादंबरीखाली 'क्रमशः' दिसलं की मला बरं वाटायचं, कारण पुढचा अंक आठवड्यात हातात पडायचा. इथे पुढचा अंक वर्षाने, दोन वर्षांनी, किंवा देव जाणे केव्हा! स्पायडरमॅनचा तिसरा भाग पुढच्या मार्चमध्ये यायचा होता. जुलैअखेर त्याची तारीखच वेळापत्रकातून काढून टाकली.

तरी या तिघांत स्पायडरमॅनला माझ्याकडून सगळं माफ. तुला कार्टून म्हटलं की कंटाळा येतो हे ठाऊक आहे, पण हा बघच. यात एकच स्पायडरमॅन नाही, शेकडो आहेत, आणि प्रत्येकाचं जग वेगळ्या हाताने काढल्यासारखं दिसतं. ग्वेन नावाच्या मुलीचं जग जलरंगातलं. ती आणि तिचा पोलीस बाप एकमेकांसमोर उभे राहतात, बोलायला जातात आणि बोलता येत नाही, तेव्हा मागच्या भिंतीवरचे रंग ओघळायला लागतात. शेवटाकडे तिचा बाप तिच्या बाजूने उभा राहतो तेव्हा तेच रंग ऊबदार होत जातात. संवाद काढून टाकले तरी कळेल असा प्रसंग! एका भागात मुंबई आणि मॅनहॅटन यांची भेसळ केलेलं 'मुंबॅटन' नावाचं शहर आहे आणि तिथला पवित्र प्रभाकर नावाचा स्पायडरमॅन. वाट्याला वेळ थोडा, पण पोरगा भाव खाऊन जातो. आपल्याकडे हा सिनेमा दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती.

यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सिनेमात एक नियम सांगतात: प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात कुणीतरी जवळचं माणूस मरायलाच हवं, त्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही. आणि माइल्स नावाचा हा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, माझा बाप मरणार नाही, माझी गोष्ट मी बघून घेईन. म्हणजे आजवरच्या सगळ्या सुपरहिरो सिनेमांच्या ठरलेल्या साच्याशीच त्याचं भांडण आहे. भांडण अगदी रंगात येतं, मुलगा चुकून भलत्याच जगात जाऊन पडतो, आणि पडद्यावर 'पुढे चालू'. आमच्या मागच्या रांगेतून एका पोराचा स्पष्ट आवाज आला, "हे काय!" माझ्याही मनात तेच होतं.

क्रूझसाहेबांचं थोडक्यात सांगते. मोटारसायकलवरून कड्यावरून दरीत उडी, ती नॉर्वेत खरोखर मारलेली. पण त्या उडीचं चित्रीकरण कसं केलं, कितीदा केलं, याची फीत गेल्या डिसेंबरातच सगळ्यांना दाखवून झाली होती. त्यामुळे ऐन सिनेमात उडी आली तेव्हा मी ओळखीच्या माणसाला हात करावा तशी बघत होते. खरी मजा आली ती रोममध्ये. हा जगाला वाचवणारा माणूस आणि एक पाकीटमार बाई एकाच बेडीत अडकलेले आणि पळायला मिळालेली गाडी इवलीशी पिवळी फियाट. क्रूझला ओशाळं झालेलं पाहण्यात जो आनंद आहे तो त्याच्या कुठल्याच उडीत नाही. शेवटची आगगाडीही झकास. एकेक डबा दरीत लोंबकळतो, डोक्यावर पियानो टांगलेला. खलनायक मात्र कृत्रिम बुद्धिमत्ता! दिसत नाही, खोकत नाही, चिडत नाही. अशाचा राग तरी कसा यावा? गंमत म्हणजे पडद्याबाहेर याच विषयावर हॉलिवुडचे लेखक मेपासून संपावर आहेत आणि जुलैच्या मध्यापासून नटमंडळीही. दोघे एकदम संपावर जाण्याची ही १९६० नंतरची पहिलीच वेळ. हे लिहितेय तोवर तरी मिटलेलं नाही. त्यांच्या कितीतरी मागण्यांपैकी एक अशी की आमचा चेहरा आणि आमचं लेखन यंत्राला परस्पर वापरू देऊ नका. ती रास्त का आहे, हे यंदाच्या दोन सिनेमांनी आयतंच दाखवून दिलं.

पहिला 'द फ्लॅश'. त्यात जुन्या बॅटमॅनला, मायकल कीटनला, परत आणलंय आणि तो छान आहे, पण बाकी नुसता गोंधळ. शेवटी तर हयात नसलेल्या नटांचे संगणकाने घडवलेले पुतळे पडद्यावर फिरवलेत. मला ते बघवलं नाही. पुढे जाऊ या.

दुसरा 'इंडियाना जोन्स', पाचवा. हॅरिसन फोर्ड ऐंशी वर्षांचा. सुरुवातीचा मोठा भाग १९४४ सालातला, म्हणून संगणकाने त्याला तरुण केलाय. चेहरा चाळिशीतला आणि आवाज आजोबांचा! तो आवाज ऐकला की डोळ्यांचाही विश्वास उडतो. आणि मग १९६९ उजाडतं, खरा म्हातारा फोर्ड अर्ध्या कपड्यांत खुर्चीतून उठतो, खालच्या पोरांच्या गाण्यावर खेकसतो, आणि सिनेमात जीव येतो. पुढची पळापळ लांबली, घड्याळ दोनदा पाहिलं. पण शेवट सांगूनच टाकते, तू तसाही पेंगत बघणार. आर्किमिडीजच्या यंत्रामुळे तो थेट दोन हजार वर्षांपूर्वीच्या सिराक्यूज शहराच्या वेढ्यात जाऊन पडतो, प्रत्यक्ष आर्किमिडीजसमोर. जन्मभर ज्या इतिहासाची माती उकरली तो जिताजागता समोर, आणि हा जखमी म्हातारा म्हणतो, मला इथेच राहू द्या. मला वाटलं, राहू द्यावं की! त्याऐवजी त्याची मानसकन्या त्याला एक ठोसा हाणून घरी आणते. घरी त्याची बायको मॅरियन भेटते, तिथे डोळे ओले झाले हेही खरं. तरी माझं मत तेच. त्याला तिथे राहू दिला असता तर हा सिनेमा वर्षानुवर्षं आठवला असता.

'एलिमेंटल' तुझ्यासाठी राखून ठेव. अमेरिकेत 'फ्लॅश'च्याच दिवशी लागला, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्याला बुडीत खात्यात टाकला आणि मग लोक एकमेकांना सांगून जात राहिले, जातच राहिले. आग आणि पाणी यांचं प्रेम, ते तसं बेताचंच. पण परमुलुखात येऊन दुकान उभं करणारा बाप आणि ते दुकान नको असलेली लेक, यांच्यातलं सगळं खरं आहे. बापाने देश सोडताना आपल्या वडिलांना वाकून नमस्कार केला होता आणि त्यांनी तो परत केला नव्हता. शेवटी लेक निघते, वाकते, आणि हा काय करतो ते बघ. रुमाल घेऊन बस.

आता २१ जुलै. 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' एकाच दिवशी. जगभर लोकांनी दोन्ही एकाच दिवसात पाहण्याचा विडा उचलला. आधी बाहुली की आधी बॉम्ब यावर वाद घातले. मी काही एका दिवसात दोन्ही पाहिले नाहीत, माझ्या कंबरेला ते परवडत नाही.

'बार्बी' बघताना मी भरपूर हसले. सकाळी उठते आणि उंच टाचांसाठी घडवलेले तिचे पाय सपाट जमिनीला टेकतात, ही बाहुलीच्या जगातली महाआपत्ती! तिचा जोडीदार बाहुला केन तर सिनेमा पळवतो. खऱ्या जगातून तो पुरुषसत्ता शिकून येतो, पण त्याच्या मते तिचा घोड्यांशी काहीतरी गाढ संबंध असतो. तसा तो नाही हे कळल्यावर त्याचा उत्साह मावळतो. रायन गॉसलिंग हे इतक्या गंभीर तोंडाने करतो की हसून हसून पुरेवाट. बाईने सगळ्यांना खूश ठेवायचं तरी कसं, असं खऱ्या जगातल्या एका आईचं मोठं भाषण आहे ना, ज्याच्या चित्रफिती तुझ्यापर्यंतही पोचल्या असतील, ते मला भाषणच वाटलं. खोटं काहीच नाही, पण तुला-मला ते पाठ आहे. त्यापेक्षा बसथांब्याच्या बाकावरचा प्रसंग. बार्बीने आयुष्यात म्हातारी बाई पाहिलेलीच नाही. शेजारी एक बसलेली असते. ही तिच्याकडे बघत राहते आणि म्हणते, तू किती सुंदर आहेस. म्हातारी म्हणते, ते मला माहीत आहे. संपलं! कथेला याची काही गरज नाही. कापायचा विषय निघाला होता, पण दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगने तो कापू दिला नाही, आणि म्हणून ती मला आवडते.

एक मात्र आहे. हा सिनेमा बाहुली विकणाऱ्या कंपनीच्या घरचाच. कंपनीच्या साहेबांची त्यात टर उडवलीय आणि आपण खूश होतो की बघा, काय धाडस! धाडस कसलं, स्वतःची चेष्टा स्वतःच करून घेतली की दुसऱ्याला करायला काही उरत नाही. असो. १०० कोटी डॉलरच्या पुढे गेलाय. एकट्या बाईने दिग्दर्शित केलेल्या सिनेमाने एवढी मजल मारण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा माझी कुरकुर कोण ऐकतो!

आणि 'ओपनहायमर', अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट. तीन तास. दिग्दर्शक नोलनच्या सिनेमात संगीत संवादांना खाऊन टाकतं ही तुझी जुनी तक्रार इथेही लागू आहे, तेव्हा घरी बघशील तेव्हा खाली अक्षरं लाव. पण बघ. पहिले दोन तास मी घड्याळ पाहिलं नाही. माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतात, फक्त बोलतात, आणि आपण खुर्चीच्या टोकावर. हिरोशिमा-नागासाकीचं ठरवायला बैठक बसलीय, शहरांची यादी समोर, आणि युद्धमंत्री क्योटोचं नाव काढून टाकतो. सुंदर गाव आहे, लग्नानंतर बायकोबरोबर तिथे गेलो होतो, म्हणतो. माझ्या अंगावर जो काटा आला तो बॉम्बच्या स्फोटानेही आला नाही.

त्या चाचणीच्या स्फोटाचं सांगते. लोळ उठतो आणि आवाज नाही. उजेड आधी पोचतो, आवाज मागून, हे शाळेत शिकलोच होतो की, तरी त्या शांततेत सगळं थिएटर श्वास धरून बसलं. नंतर विजयाचं भाषण आहे. लोक बाकांवर पाय आपटताहेत, झेंडे हलताहेत, आणि ओपनहायमरला समोर टाळ्या वाजवणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याची कातडी सुटताना दिसते. जपानमधला विध्वंस सिनेमात एकदाही दाखवलेला नाही, यावर पुष्कळ जण चिडलेत. मला ते न दाखवणं पटलं. त्या माणसानेही तो पाहिला नव्हता, आणि न पाहता त्याच्याबरोबर जगायचं होतं. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांची गोष्ट वेगळी आहे, ती त्यांच्या बाजूनेच सांगायला हवी.

शेवटचा तास चौकशांचा. रॉबर्ट डाउनी ज्युनियर कमाल करतो, पण तिथे मी घड्याळ पाहिलं. ओपनहायमरची बायको झालेली एमिली ब्लंट मात्र बघ. दोन तास तिला बाटली आणि रडणारं पोर यापलीकडे काही दिलेलं नाही (बाळाच्या रडण्याने वेडावलेली आई, तुला बरं वाटेल), आणि मग साक्षीला बसते तेव्हा त्या वकिलाला सोलून काढते. तिला आणखी अर्धा तास दिला असता तर काय बिघडलं असतं?

गीतेवरून झालेला गदारोळ तुझ्या कानावर असेलच. ज्या प्रसंगात गीतेतली 'मी मृत्यू झालो आहे' ही ओळ घेतलीय तो मलाही खटकला, पण भावना वगैरे दुखावल्या म्हणून नाही. ओपनहायमर बर्कली विद्यापीठात आर्थर रायडर या प्राध्यापकांकडे खरोखर संस्कृत शिकला, गीता मुळातून वाचत होता. एवढं खरं हाताशी असताना ते शय्येवरच्या एका चटकदार प्रसंगात उधळून टाकायचं? वाया घालवलं, एवढंच. आपल्याकडे तर दुसऱ्या एका प्रसंगात बाईच्या उघड्या अंगावर संगणकाने काळा झगा चढवला होता. ती शोकांतिका चालू असताना मला हसू आवरेना.

एक बघ, 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' हे दोन्ही सिनेमे तिथल्या तिथे संपतात. मागचा भाग पाहिलेला असायला नको, पुढच्याची वाट बघायला नको. मला वाटतं लोक जे लोटले त्यात गुलाबी कपड्यांइतकाच याचाही हात असावा. पण कंपन्या यातून शिकतील ते 'आणखी बाहुल्यांवर सिनेमे काढा' एवढंच, पैज लाव.

घरी बघताना आधी 'एलिमेंटल', मग 'बार्बी', आणि बाळ सलग चार तास झोपायला लागलं की 'ओपनहायमर'. स्पायडरमॅन तिसरा भाग आल्यावर दोन्ही एकदम बघ, माझ्यासारखी लटकू नकोस. आणि हो, नोव्हेंबरात येणारा 'ड्यून'चा दुसरा भाग संपामुळे मार्चवर ढकललाय. पहिला आपण दोघींनी मिळून पाहिला होता, तोही अर्धाच होता आणि तू बाहेर येऊन किती बडबडली होतीस! उत्तरार्धाला तू हवीसच. बाळाला कुणाकडे ठेवायचं ते आतापासून ठरवून ठेव, आणि तुझ्या नवऱ्याला मार्चमधला एक रविवार मोकळा ठेवायला सांग.

तुझी,
माधवी