ठोकळ्यांचा चित्रपट स्पर्धेबाहेर का?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या भागातील शालेय मुलांच्या एका लघुपट स्पर्धेतून माझ्या नातीचा सव्वादोन मिनिटांचा चित्रपट पहिल्याच फेरीत परत आला. ‘यात माणसे नाहीत, नुसती खेळणी आहेत,’ एवढेच कारण आयोजकांनी तोंडी सांगितले. चित्रपट फसला आहे असे कोणी म्हटले असते, तर मीच तिला दुसरा करायला बसवले असते. माझा आक्षेप या कारणापुरता आहे.

नातीने तीन वर्षे साठवलेल्या लेगोच्या, म्हणजे डेन्मार्कच्या कंपनीच्या एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून आमच्या मागच्या खोलीत एक पेठ उभी केली आहे. संचाबरोबर येणाऱ्या रचनेच्या पुस्तिकांत ओसरी नसते, म्हणून पोलीस ठाण्याचा आणि अग्निशमन केंद्राचा असे दोन संच फोडून तिने त्यांतून वाडा बांधला, उतरत्या ठोकळ्यांनी तो शाकारला आणि दारासमोरून रस्ता काढला. (संच फोडल्याचे दुःख तिच्या वडिलांना अजून आहे, कारण पैसे त्यांचे होते.) मी बांधकाम खात्यात आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे मला या ठोकळ्यांच्या मापाचे विशेष कौतुक वाटते. दोन स्टडमधले, म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांमधले, अंतर ८ मिलिमीटर. विटेची, म्हणजे नेहमीच्या ठोकळ्याची, उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची बरोबर तिच्या एक तृतीयांश. १९५८ साली पेटंटसाठी नोंदवलेल्या रचनेची वीट आजच्या विटेवरही घट्ट बसते.

आता चित्रीकरणाविषयी. वस्तू किंचित सरकवायची, छायाचित्र काढायचे, आणि अशी छायाचित्रे सलग दाखवली की वस्तू चालताना दिसते. सेकंदाला १२ छायाचित्रे या हिशेबाने, दर छायाचित्रामागे एसटीची लाल गाडी एकेक स्टड पुढे सरकवत तिने तीन बेसप्लेटचा, म्हणजे ठोकळे बसवायच्या सपाट पाट्यांचा, रस्ता पार केला. एका बेसप्लेटच्या लांबीत ३२ स्टड, म्हणजे ९६ छायाचित्रे झाली आणि पडद्यावर तो प्रवास आठ सेकंदांचा भरला. त्यातही खिडकीतले ऊन सरकले की चित्र लुकलुकते, म्हणून दिवसा पडदे ओढून एकाच दिव्यावर काम चालले. मोबाइल विटांच्याच घोडीवर बसवला होता. एकदा माझा कोपर टेबलाला लागला आणि चाळीसएक छायाचित्रे वाया गेली. त्यानंतर दोन दिवस मला त्या खोलीत प्रवेश नव्हता.

या कामाला चित्रपट म्हणायचे नसेल, तर दादासाहेब फाळके यांच्या दोन प्रयोगांचे काय करायचे? ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवण्याच्या धडपडीत त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत टिपली होती, आणि १९१५ मध्ये चक्क आगकाड्यांना हलते करून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला होता. माणसे त्यांतही नव्हती. लेगोपुरतेच बोलायचे, तर डेन्मार्कमधल्या दोन मुलांनी १९७३ साली आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी सुपर-८ या घरगुती कॅमेऱ्याच्या फितीवर ठोकळ्यांचा चांद्रप्रवास चित्रित केला होता. (आमच्या सुवर्णमहोत्सवाला अजून अवकाश आहे, हे मी नातीच्या कानावर घातले आहे.) शिवाय दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडले जातात आणि त्या किल्ल्यांना आपण हौसेने बक्षिसे देतो, तेव्हा खेळणी आडवी येत नाहीत.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असेही एका परीक्षकांनी बोलून दाखवले. त्यात तथ्य आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि मोठ्या संचाची किंमत ऐकून मध्यमवर्गीय घरात शांतता पसरते. पण ही अडचण ठोकळ्यांची झाली, तंत्राची नव्हे. आगपेटी, खडू, चिंचोके, बटणे यांवरही हेच काम होते आणि मोबाइल तर मुलांच्या हातात एरवीही असतोच.

तेव्हा आयोजकांना विनंती आहे, की पुढील वर्षीच्या नियमावलीत वस्तू हलवून केलेल्या चित्रपटांसाठी वेगळा गट ठेवावा, आणि ते जमत नसेल, तर असे चित्रपट घेणार नाही हे निदान प्रवेश अर्जावर आधीच छापावे. टेबलावरची पेठ आम्ही मोडलेली नाही. एसटी सध्या वाड्यासमोर थांबली आहे.

आपला,
एक वाचक, सातारा