अक्का, हळदूच्या आठ नखांसाठी

ती. अक्कांस, सा. नमस्कार.

आमच्या पाळलेल्या पाखराची, हळदूची, नखं कापायला शिकवलीत म्हणून परवा कुंद्याचा डबा पाठवला, तो तुम्ही आल्या पावली परत पाठवलात. "मला शुगर हाय, पोरास्नी घाल." पैशाचं नाव काढलं तर म्हणालात, "चार जणास्नी शिकीव जा, झालं." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नातीकडून वाचून घ्या, आणि माझं कुठे चुकलं असेल तर नेहमीसारखं दुकानातूनच ओरडून सांगा.

त्या रविवारी आमचा हळदू सासूबाईंच्या इरकली पदराला एका नखाने लटकला होता. पिवळा कॉकेटिएल, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपटच, गालांवर केशरी टिकल्या, आणि नखं आकड्यासारखी वळलेली. महिनाभर मला ती दिसत होती. आज करू, उद्या करू चाललं होतं. पदर सोडवला आणि त्याच तिरीमिरीत त्याला मुठीत आवळून मी नेलकटर चालवला. जिथून तो आणला त्या दुकानातल्या पोराने शिकवलंच होतं, "घट्ट दाबून धरायचं आणि कचकन मारायचं." कचकन मारलं. रक्त आलं. सासूबाई हळद घेऊन धावल्या, हे तुरटी शोधायला लागले, आणि मी रडत तुमच्या बांगड्यांच्या दुकानाच्या दारात.

तुम्ही गिऱ्हाईक अर्ध्यावर टाकून आलात. एकाच हातात बांगड्या भरलेली ती बाईसुद्धा मागोमाग आली बघायला. हळद-तुरटी बाजूला सारून तुम्ही एकच विचारलंत, "कॉर्नफ्लॉवर हाय काय?" मंचुरियनसाठी आणलेला पुडा होता. चिमूटभर पीठ नखाच्या टोकावर दाबून धरलंत. मी सारखी "थांबलं का, बघू" म्हणत होते, तर तुमचा डोळाच असा वटारलेला की गप्प बसले. दोनतीन मिनिटांनी बोट काढलंत. थांबलं होतं.

नंतर मी हिशोब केला आणि अंगावर काटा आला. 90 ग्रॅमच्या पाखरात रक्त जेमतेम 9 मिली, म्हणजे चहाचे दोन चमचेसुद्धा नाही. आपल्या बोटाला कापलं तर आपण पदराला पुसून भाकऱ्या थापतो. त्याला दहावीस थेंबही जड.

उरलेली सात नखं त्या दिवशी तुम्ही कापू दिली नाहीत. "घाबरलाय ते. पुढच्या आठवड्यात." आणि पुढच्या आठवड्यात जे शिकवलंत ते कापायचं नव्हतंच, धरायचं होतं.

माझ्या लग्नात हिरवा चुडा तुम्हीच भरलात. माझ्या हाताचं हाड मोठं, आई काळजीत, आणि तुम्ही नुसता हात हातात घेऊन माहेरच्या गोष्टी विचारत बसलात. हात ढिला पडला तशी बांगडी सरकली, एकही फुटली नाही. हळदूला धरताना मला तेच आठवलं. "दाबलीस की ते जोर लावतंय. धरायचं म्हंजे दाबायचं न्हवं गं." आधी पंखा बंद, खिडक्या बंद. मी टर्किश टॉवेल आणला तो फेकलात, कारण त्याच्या फासांत नखं अडकतात. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतलात. पाठीमागून अलगद गुंडाळायचं, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन बाजूंना, म्हणजे चावता येत नाही. आणि छाती मोकळी. हे तुम्ही तीनदा बजावलंत. कारण मला पुढे वाचून कळलं: पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. मुठीत आवळला की पाखरू ओरडतही नाही, गुदमरतं. त्या रविवारी माझी मूठ कशी होती ते आठवलं की अजून झोप येत नाही.

मग तुम्ही म्हणालात, "मी धरतो, तू काप." एकट्याने हे करायचंच नाही, हा तुमचा नियम. सकाळच्या उन्हात नख धरलं तर आतली गुलाबी शीर दिसते. हळदूची नखं फिकी म्हणून बरं. काळ्या नखांत ती दिसत नाही, तिथे कात्री नकोच, नुसती कानस फिरवायची. शिरेच्या अलीकडे थांबायचं आणि एका वेळी तांदळाच्या कणीएवढंच घ्यायचं. जास्त वाढलेलं असेल तर दोनतीन आठवड्यांनी परत कणीभर. हळूहळू शीरही मागे सरते. चोच उघडून धापा टाकायला लागला की जिथे असू तिथे सोडायचं. पहिल्या दिवशी तीनच नखं झाली. तुम्ही म्हणालात, पुष्कळ झाली.

सगळा वेळ तुम्ही त्याच्याशी कानडीत बोलत होता, "सुम्मनिरु मरी, सुम्मनिरु." आमचा मराठी घरातला, ऑस्ट्रेलियाच्या वंशातला पक्षी गप्प राहिला. सीमाप्रश्न हळदूपुरता मिटला म्हणायचा.

शेवटी पिंजऱ्यातली दांडी बघून तुम्ही जो चेहरा केलात! गुळगुळीत, एकसारख्या जाडीची. तुमच्या परसातली पेरूची वेडीवाकडी फांदी आणून दिलीत, धुऊन उन्हात वाळवलेली, औषध न मारलेली. हळदूची दोन बोटं पुढे, दोन मागे. जाडीबारीक, खडबडीत फांदीवर ती रोज वेगळी बसतात आणि नखं आपसूक झिजतात. दुकानात दांडीला चढवायचं सॅंडपेपरचं कव्हर मिळतं, ते मी घेणारच होते. त्याने नखं राहतात तशीच, तळवे मात्र सोलतात, हे तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही सांगितलंत तसं डॉक्टरांना दाखवून आले. नखांबरोबर चोचही भराभर वाढत असती तर यकृताचं बघावं लागलं असतं. तसं काही नाही. रक्त थांबवायची पावडर त्यांनी दिली आहे, फक्त नखाच्या टोकाला लावायची, कातडीला नाही. पण कॉर्नफ्लॉवरचा पुडा मी हलवलेला नाही. सासूबाईंनी त्यावर "हळदूचं" अशी चिठ्ठी लावली आहे, त्यामुळे घरात मंचुरियन बंद.

हो, शेजारचे आता "बोलणारा हिरवा आणा की" म्हणून मागे लागलेत. त्यांना तुमचंच ऐकवलं: देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो झाडावरच बरा.

काल आठही नखं झाली. हे धरायला होते, मी कापलं, रक्ताचा थेंब नाही. फक्त धडपडीत माझ्या उजव्या हातातल्या दोन बांगड्या तडकल्या. मंगळवारी येते भरायला. या वेळी पैसे घ्यायचे, अक्का.

तुमची,
समोरच्या माडीवरची सूनबाई