बाबा, दोष डोळ्यांचा नव्हता

पुणे, १० जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल परवापर्यंत गुहागरला पोचेल. त्यात दोन दुर्बिणी आहेत. एक आपली जुनी, साफ करून आणलेली, आणि एक नवी. दोन्हींच्या मधे तिळगुळाचा डबा घातलाय. खोका उघडण्याआधी हे पत्र पूर्ण वाचा.

बाबा, दिवाळीतली ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. परड्यातल्या वडावर धनेशाची जोडी उतरली होती. तुम्ही दुर्बीण चष्म्यावर लावलीत, खाली घेतलीत, चष्मा काढून खिशात ठेवलात, पुन्हा लावलीत, चाक फिरवत राहिलात. तोवर दोघेही डोंगराकडे निघून गेले. "गेले," म्हणालात, आणि दुर्बीण माझ्या हातात दिलीत. "आता तूच बघत जा. माझे डोळे गेले." त्यानंतर चार दिवस तुम्ही मागच्या पडवीत फिरकला नाहीत. मी दुर्बीण पिशवीत घालून आणली ती त्यामुळेच.

तुमच्या डोळ्यांचा कागद मी नीट वाचलाय. चष्मा लावून तुम्ही शेवटची ओळ वाचता. मग अडतं कुठे, तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगापाशी. त्या भिंगापासून डोळा ठरावीक अंतरावर असला तरच पूर्ण चित्र दिसतं. आपल्या जुन्या दुर्बिणीत ते अंतर जेमतेम ११-१२ मिलिमीटर आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण तेवढीच लांब असते, वर भिंगाभोवतीच्या त्या कडक काळ्या कडीची, आयकपची, उंची. म्हणजे चष्मा लावला की डोळा हवा तिथे पोचतच नाही, आणि दाराच्या फटीतून अंगण बघावं तसं मधलं वर्तुळ तेवढं दिसतं. चष्मा काढला तर पूर्ण दिसतं, पण तुमच्या नंबरात सिलिंडर आहे, म्हणजे आडवा-उभा नंबर वेगळा, आणि तो चाक फिरवून भरून निघत नाही. शिवाय चष्म्याशिवाय पक्षी कुठल्या फांदीवर आहे हे आधी सापडायला हवं ना! मामाने १९८५ साली बोटीवरून ही दुर्बीण आणली तेव्हा तुम्हाला चष्मा नव्हता. ती तुमच्या तेव्हाच्या डोळ्यांची आहे.

इथे एका जुन्या कारागिराने ती माझ्यासमोर उघडली. उजव्या नळीतल्या प्रिझमवर बुरशीची जाळी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी, मधून फाटे फुटलेली. या जातीच्या दुर्बिणीत चाक फिरवलं की डोळ्याकडच्या दोन्ही नळ्या आतबाहेर होतात आणि दर वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. गुहागरची हवा, समुद्र हाकेवर, आणि चार महिने चामड्याच्या बंद पेटीत मुक्काम. बुरशीला आणखी काय हवं होतं? जाळी पुसली गेली, पण एका जागी तिने काचेवरचा लेप खाल्लाय. तो ठिपका राहील, बघताना दिसत नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. २००५ च्या पावसाळ्यात ती पडवीच्या कट्ट्यावरून खाली पडली होती, आठवतं? तेव्हा एक प्रिझम केसभर सरकलं होतं. दोन नळ्या दोन वेगळ्या दिशांना बघत होत्या आणि ती दोन चित्रं जुळवायचं काम तुमचे डोळे करत होते. दहा मिनिटांनी कपाळ दुखायचं ते त्यामुळे. तुम्ही चष्म्याचा नंबर दोनदा बदलून घेतलात, बाम लावलात, आणि शेवटी दोष वयाला दिलात. आता नळ्या जुळवून घेतल्या आहेत.

नवी कशी आहे ते मी दुकानात नाही ठरवलं. दोन्ही गळ्यात घालून एका रविवारी पहाटे कवडी पाटाला गेले. पावणेसात वाजले होते, नदीवर धुकं होतं. पलीकडच्या काठाशी थापट्या बदकं होती. आपल्या दुर्बिणीतून नराचं डोकं काळं दिसलं. नवीतून बघितलं तर हिरवं, आणि त्याखाली छातीचा पांढरा. मग पुन्हा जुनी, पुन्हा काळं. असं मी चार-पाच वेळा केलं, तोवर बोटं गारठली होती.

याचं कारण तुम्हाला आवडेल. नुसत्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहाएक पृष्ठभाग असतात, म्हणजे लेप नसेल तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच संपला. हा परतणारा उजेड अडवणारा लेप अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये झाइस या जर्मन कंपनीच्या कारखान्यात शोधला, आणि तो कारखाना जेना गावचा! आपल्या दुर्बिणीवर जे 'जेना' कोरलंय, तेच गाव. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, जेना म्हणजे कोण? तुम्ही नकाशा काढून पूर्व जर्मनीवर बोट ठेवलं होतंत. आपल्या दुर्बिणीवर तो लेप एकेरी आहे, काच तिरकी धरली की निळसर झाक दिसते ती त्याचीच. नव्या काचांवर प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर असतात आणि उजेड जवळजवळ पूर्ण पार होतो. प्रकाश कमी असला की हा फरक डोळ्यांत भरतो.

पण नऊ वाजता ऊन चढल्यावर मला मधल्या भागात फरक शोधावा लागला. कडेला जुनीतलं चित्र मऊ पडतं, आणि आभाळासमोर घार धरली तर पंखाला जांभळट किनार दिसते. तेवढंच. उलट एका बाबतीत जुनी मला जास्त आवडली. ती १००० मीटरवर १५० मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, नवी १३० च. शिवाय जुनीची पुढची भिंगं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे झाडाकडे बघितलं की पुढची फांदी, मागची फांदी, त्यामागचं पान असं सगळं सुटं सुटं दिसतं. नव्या सरळ नळीच्या दुर्बिणीत हे इतकं जाणवत नाही. माझं मत विचाराल तर वडाच्या दाट पानांतला तांबट शोधायला जुनीच घ्यावी.

नवी ८ × ४२ आहे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १० पटीची मुद्दाम नाही घेतली. दुकानदार आग्रह करत होता, पण जितकी पट जास्त तितकी हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. ४२ मिलिमीटरच्या भिंगामुळे डोळ्याशी येणारं उजेडाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं होतं, जुनीत ते पावणेचार आहे. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात बघा, ती पांढरी चकती दिसेल. वयानुसार बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, म्हणून अंधुक उजेडातला फायदा मला झाला तितका तुम्हाला होणार नाही. पण चकती मोठी असली की डोळा नेमका तिथेच बसवावा लागत नाही, हात जरा हलला तरी चित्र निसटत नाही. आणि चष्म्यासाठी हिच्यात १७ मिलिमीटर सोडलेत. आयकप फिरवून पूर्ण खाली बसवा, चष्मा अजिबात काढू नका. मी तुमच्यासारखा जाड फ्रेमचा चष्मा लावून बघितलं, कडेपर्यंत दिसतं.

पहिल्यांदा डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने विहिरीचा रहाट स्पष्ट करून घ्या. मग उजवा उघडा, डावा मिटा, आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून तोच रहाट स्पष्ट करा. ती जागा लक्षात ठेवा, पुन्हा हात लावायचा नाही. जुनीपेक्षा ती वजनाने जास्त आहे, म्हणून पट्टा रुंद घेतलाय.

आई, आता तुझ्याबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुला लांबचा चष्मा लागत नाही. म्हणजे जुनी दुर्बीण जशी बाबांना तीस वर्षांपूर्वी दिसायची, तशी घरात आज फक्त तुलाच दिसेल, अख्खे १५० मीटर. इतकी वर्षं ती 'बाबांची दुर्बीण' म्हणून तू कधी मागितली नाहीस. पुसून पेटीत ठेवायचं काम मात्र तुझं. आता ती तुझी. संध्याकाळी किनाऱ्यावर जाशील तेव्हा घेऊन जा, सुरूच्या वरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड फिरत असतो तो बघ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जास्वंदीवरचे शिंजीर बघायचे असतील तर मात्र बाबांची घे, कारण जुनी चार-पाच मीटरच्या आत धरत नाही आणि नवी दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवते. नराच्या मानेवरची जांभळी चमक बघशील तेव्हा भाजी करपणार, आधीच सांगते.

चामड्याची पेटी आता आठवणीपुरती राहू दे. तांदळाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा रिकामा करून दोन्ही दुर्बिणी त्यात ठेवा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांच्या पुड्या पाठवल्यात, त्या सोबत टाका. खड्यांचा रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करा, पहिला रंग परत येतो. स्वयंपाकाचा तवा घेऊ नका. नव्या दुर्बिणीत नायट्रोजन भरून नळ्या बंद केल्यात, आत दमट हवा शिरत नाही, पण बाहेरून तिलाही बुरशी लागू शकते. काच शर्टाच्या टोकाने पुसायची नाही, बाबा. आधी ब्रश, मग ते मऊ कापड.

किंमत चौदा हजार. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून नाही विचारलं.

परड्यातल्या वडाला फळं कितपत धरलीत ते बघून फोन करा. लाल व्हायला लागली की धनेश रोज येतील. मी त्या आठवड्यात रजा टाकते.

तुमची,
मनू