भरपाई कोर्टात नाही, बिलापाशी अडते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हायॉक्स प्रकरणावरचा आपला अग्रलेख वाचला. मर्क कंपनीला ४८५ कोटी डॉलर मोजावे लागले याचं श्रेय आपण अमेरिकी ज्यूरींना दिलंत आणि आपल्याकडच्या ‘तारीख पे तारीख’वर खापर फोडलंत. जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो, त्यामुळे तारखांचा अनुभव मलाही आहे. तरीही हे निदान पटलं नाही.

व्हायॉक्स, म्हणजे रोफेकॉक्सिब हे औषध, ही मर्कची सांधेदुखीवरची गोळी. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि पोटाला कमी त्रास देणारी म्हणून धडाक्यात खपली. दीड वर्षाहून जास्त घेतल्यास हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दुपटीच्या घरात जातो, असं कंपनीच्याच चाचणीत दिसलं. ३० सप्टेंबर २००४ ला मर्कने आपली गोळी जगभरातून मागे घेतली. मग दाव्यांची रांग लागली. ऑगस्ट २००५ मध्ये टेक्सासच्या ज्यूरीने एका विधवेला २५.३ कोटी डॉलर मंजूर केले खरे, पण २००८ मध्ये अपिलात तो निकाल उलटला. सुनावणीपर्यंत पोचलेले बहुतेक खटले कंपनीनेच जिंकले. म्हणजे ज्यूरींनी कंपनीला नमवलं असं म्हणायला फारसा आधार नाही.

नोव्हेंबर २००७ ची तडजोड हा सरळसरळ व्यवहार होता. दोष कबूल नाही. ८५ टक्के दावेदार तयार झाले तरच पैसे. हृदयविकारासाठी ४०० कोटी, पक्षाघातासाठी ८५ कोटी. वय, किती महिने गोळी घेतली, धूम्रपान, मधुमेह हे सगळं धरून प्रत्येकाचे गुण काढले गेले. माणसाच्या दुखण्याची अशी गुणपत्रिका करणं मला क्रूरच वाटतं. पण हजारो दावे निकाली काढायला दुसरी रीत मलाही सुचत नाही.

अग्रलेखात सुटलेली गोष्ट पुढेच आहे. या तडजोडीत शिरायलाच कागद लागत होता. झटक्याआधीच्या ६० दिवसांत किमान ३० गोळ्या मिळाल्याचा आणि शेवटच्या १४ दिवसांत त्या हाताशी असल्याचा पुरावा. तिथे औषध दुकानाच्या नोंदीत तो सापडत होता.

आता आपल्याकडे या. रोफेकॉक्सिब इथेही विकलं जात होतं, तेही अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते बंद केलं. ज्यांनी ते घेतलं त्यांनी दावा करायचा तर कुणावर? अमेरिकेत कंपनी एकच होती. इथे गोळी कोणाची हे बॅच नंबरशिवाय सांगताच येत नाही. माझ्याकडे औषधाची तक्रार घेऊन येणारी माणसं कॅरीबॅगमधून डिस्चार्ज कार्ड काढतात, ईसीजीच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या काढतात, कधी अर्धी कापलेली स्ट्रिपही निघते. बॅच नंबर नेमका दुकानात राहिलेल्या अर्ध्या तुकड्यावर असतो. बिल विचारलं की, “नेहमीचंच दुकान आहे हो, बिल कशाला?”

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना एकत्र दावाही करता येतो. कायदा कमी पडत नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या ‘एएसआर’ या सदोष कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात तर सरकारने २०१८ मध्ये ३० लाख ते १.२३ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पण सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी ३,६०० च्या आसपास रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. शस्त्रक्रिया करून शरीरात बसवलेल्या खुब्याची ही गत, तर सुट्या गोळ्यांचा माग कोण काढणार?

चिठ्ठीवरची औषधं बिलाशिवाय विकायची नाहीत हा नियम जुनाच आहे. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांच्या तपासणीत बिलबुकं उघडून बघावीत, आणि बिलावर कंपनीचं नाव व बॅच नंबर नसेल तर कारवाई करावी. आपल्यासारख्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा. आणि “बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल” असं कुणी काउंटरवर ऐकवलं, तर वाचकांनी त्याला स्ट्रिपवरची एमआरपी दाखवावी. सगळे कर त्यातच धरलेले असतात.

आपला,
एक वकील, सांगली