सेन्सर घ्यावा का?

पुणे,
रविवार

प्रिय मेधा,

तू पाठवलेली साखर मोजणाऱ्या सेन्सरची जाहिरात पाहिली. दंडावर गोल बिल्ला चिकटवलेली, बारीक कंबरेची मुलगी हसतेय. तिला तो बिल्ला कशाला लागतो, देव जाणे! तुझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.९ आलं आणि लगेच मोबाइलवर अशा जाहिरातींचा पूर आला, यात मला काही नवल वाटत नाही.

मी वापरून झालेय म्हणून तू विचारलंस, तर सरळ सांगते. एकदा लावून बघायला हरकत नाही. पण वजन उतरेल म्हणून घेऊ नकोस, आणि वर्षभराच्या योजनेचे पैसे तर मुळीच भरू नकोस.

दंडाच्या मागच्या बाजूला तो खटकन बसतो, दुखत जवळजवळ नाहीच. आत एक बारीक लवचीक तार राहते. ती रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींभोवती जो द्रव असतो त्यातली मोजते. म्हणून बोट टोचून येणाऱ्या आकड्याच्या मागे हा आकडा पाच-दहा मिनिटं रेंगाळतो. एक सेन्सर चौदा दिवस चालतो, मला एकाला पाच हजारांच्या आसपास पडले. पहिल्या दिवशीचे आकडे फारसे मनावर घ्यायचे नाहीत.

आता गंमत ऐक. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, नेहमीसारखी, दाण्याचं कूट सढळ घालून. तासाभरात साखर ९८ वरून १८४! साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, हे शाळेपासून माहीत होतं, पण मोबाइलवरच्या आलेखात रेघ अशी सरळ वर चढताना पाहिली आणि उपवासाच्या नावाखाली आपण काय खातो ते डोळ्यांत भरलं. मग काही दिवसांनी पुन्हा निम्मी खिचडी घेतली, आधी काकडीची कोशिंबीर आणि दही खाल्लं, जेवल्यावर गच्चीत वीस मिनिटं फेऱ्या मारल्या. रेघ १३५ पाशीच थबकली. चालताना पायांचे स्नायू इन्शुलिनची (रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाची) फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आजी शतपावलीला का पिटाळायची ते आलेखात बघायला मिळालं. माझ्या मते पाच हजारांतले चार हजार इथेच वसूल झाले.

बाकी सेन्सरच्या मोबाइल ॲपबद्दल न बोललेलं बरं. थालीपीठ लिहिलं की ते पॅनकेक समजायचं. ११० च्या वर गेलं की लाल रंग, खाली गुण कापलेले. अगं, निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर वर जातेच. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात मधुमेह नसलेल्यांची साखर साधारण ९६ टक्के वेळ ७० ते १४० च्या दरम्यान होती, म्हणजे उरलेला वेळ त्यांचीही बाहेर होती. पण लाल रंग दिसला की जीव खालीवर होतो. मी तर आंबा खाताना मोबाइल उलटा ठेवायला लागले होते.

एकदा सकाळी बघते तर पहाटे तीनला आकडा ५८. यांना उठवलं, घरात गोंधळ. मग आठवलं की मी त्याच कुशीवर झोपते. दंड दाबला गेला की तिथलं द्रवाचं वाहणं मंदावतं आणि यंत्र उगाच कमी आकडा दाखवतं. खात्री करायला दुसऱ्या रात्री गजर लावून उठले आणि सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचलं. तिथे ९४, दंडावर ६३. मगच झोप लागली. ॲपमध्ये मात्र त्या रात्रीबद्दल ‘साखर अस्थिर’ असा शेरा होताच.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका संध्याकाळी टीव्हीसमोर बसून खारे शेंगदाणे खाल्ले, वाटीवर वाटी. रेघ जागची हलली नाही. ॲपनं हिरवा रंग दिला, शाबासकीही दिली. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्या कुठे गेल्या? तूप, तळलेलं, चीज, सगळं या यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. त्याला साखर कळते, पोटात किती गेलं ते नाही. हिरव्या रंगाच्या मागे लागून भात-भाकरी टाकायची आणि दाणे-पनीर चापायचं, यानं वजन वाढूही शकतं. शिवाय इन्शुलिनही त्याला दिसत नाही. साखर नीट ठेवायला शरीर वर्षानुवर्षं जादा इन्शुलिन सोडत असतं आणि आलेख गुळगुळीतच राहतो.

याबाबतीत आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाच. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं, असं त्यांनीच तिथे मिस्कीलपणे लिहिलंय. आपली भारतीयांची चरबी पोटात दडते, हातपाय बारीकच दिसतात. म्हणून तू आधी दहा रुपयांची टेप आण आणि कंबर मोज. आपल्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत हवी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तीही तपासून घे.

माझ्या भाच्याची गोष्ट वेगळी. टाइप १ मधुमेह आहे त्याला, म्हणजे शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, दिवसातून सहा-सात वेळा बोट टोचायचा पोरगा. त्याच्या आईला हा सेन्सर म्हणजे रात्रीची झोप आहे. ज्यांना इन्शुलिन घ्यावं लागतं त्यांच्यासाठीच ही वस्तू आधी निघाली. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा पहिल्या सेन्सरला परवानगी मिळाली तीसुद्धा २०२४ मध्ये.

आणि एक, ईशाच्या वेळी तुला गरोदरपणात साखर निघाली होती, ते डॉक्टरांना सांगितलंस का? त्यानं पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. ५.९ कळण्याइतकंच त्यांना हे कळणंही गरजेचं आहे.

घेणारच असशील तर एकच घे. चौदा दिवसांत बहुधा एकादशी येतेच, ती धरून लाव. त्या दिवसांत शहाण्यासारखं वागू नकोस, रोज जेवतेस तेच जेव, नाहीतर काय कळणार? एकच पदार्थ दोनदा खाऊन बघ, एकदा जेवून लगेच बसून आणि एकदा चालून. वहीत हातानं लिही, ॲपचे गुण बघूच नकोस. झोपताना त्या कुशीवर वळू नकोस.

वही मला दाखवायला आण. दिवाळीत येणार आहेस ना? काकांना नमस्कार, ईशाला माझा पापा.

तुझीच,
शुभा